वरच्या कोपऱ्यातली तारीख

पालघर,
४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. प्रियदर्शिनीस, अनेक आशीर्वाद.

“लिहू नकोस, अर्चे. लिहिलं की ते झालं म्हणून राहतं.”

आई हे म्हणाली तेव्हा मी बारा वर्षांची होते. आण्णांनी तिच्या कानावर उलथनं मारलं होतं आणि मी वसमतच्या मामाला कळवायला आंतर्देशीय पत्र घेऊन बसले होते. तिनं ते माझ्या हातून काढून घेतलं आणि चुलीत सारलं. एका हातानं पत्र सारलं, दुसऱ्या हातानं कानाला पदर दाबून धरला होता. त्या कानानं तिला पुढं कधी ऐकू आलं नाही. लोक म्हणायचे, साखरबाईला हाक मारली तरी वळून बघत नाही, गर्व फार.

काल सुकट विकायला आलेल्या हिराताईंनी तुझी चिठ्ठी दिली. सुकटीच्या पिशवीत तळाशी घातलेली, त्यामुळं अजून तिला वास आहे. पासवर्ड बरोबर निघाला. दुकानातली गर्दी सरल्यावर शटर अर्धं ओढून घेतलं आणि तू मेलमध्ये लिहून ठेवलेला तक्रारीचा अर्ज उघडला. सातही पानं वाचली. फोटो पाहिले. तुझ्या गळ्यावर चार बोटं उमटली आहेत. सोळा दिवसांपूर्वी त्याच हाताला मी राखी बांधली होती. मनीष माझा धाकटा भाऊ आहे, तुझा नवरा नंतर. हे तुला लिहायला नको, पण लिहिल्याशिवाय पुढं जाता येईना.

आता अडचण सांगते. मजकूर छापून येतो, पण फोटोंच्या जागी नुसते कोरे चौकोन येतात. दोन-तीनदा करून पाहिलं. तू म्हणतेस तसं, घरगुती मारहाणीच्या तक्रारी घेणाऱ्या त्या संरक्षण अधिकारी बाईंना फोटोंसकट दोन प्रती हव्यात, मग अर्धवट देऊन काय उपयोग? मी प्रयत्न करते. तोवर गौरी-गणपती पार पडू देत. सणासुदीला घरात माणसं असतात, तो सांभाळून राहील.

उन्नतीला पापा. चिठ्ठी जाळून टाक.

तुझी,
अर्चनाताई

---

बोईसर,
६ सप्टेंबर

ती. अर्चनाताईंस, सा. न.

हिराताई दारात बसून बोंबील मोजतायत, तेवढ्या वेळात लिहिते. आठ-आठ बोंबील तीनदा मोजून झालेत. मला म्हणाल्या, “बाय, तू लिव. मना मोजता येत नाय असा समजतील लोका, समजू दे.”

ताई, तुम्ही दिवसाला दोनशे पानं छापता. लोकांचे जातीचे दाखले, सातबारे, निकाल, नोकरीचे फोटोवाले फॉर्म. माझीच सात पानं अडली?

सण आहे म्हणून तो सांभाळून राहील असं तुम्ही लिहिलंत. आज हरतालिका, सण दारातच होता ना? काल संध्याकाळी वरणात मीठ कमी पडलं. त्यानं काही आरडाओरडा केला नाही. तो ओरडत नाही हे तुम्हाला माहीत नसेल. शांतपणे उठला, मिठाची बरणी आणली, माझं तोंड उघडायला लावलं आणि मूठभर मीठ आत कोंबून वरून हात दाबून धरला. उन्नती समोर जेवत होती. तो तिला म्हणाला, “बघ, आईला चव कळत नाही, शिकवायला लागते.” मी ओकले तेव्हा मला ते पुसायला लावलं, साडीनं. मग मांडवात आरास करायला गेला. सोसायटीच्या मंडळाचा सेक्रेटरी आहे ना तो. शेजारच्या बाया मला सांगतात, नशीबवान आहेस, किती हौशी माणूस.

खाली झेरॉक्सचं दुकान आहे ते त्याच्या मित्राचं. माझा फोन रोज रात्री तपासतो आणि मी कुठं आहे ते त्याला त्याच्या फोनवर दिसतं. घरात लॅपटॉप आहे, प्रिंटर आहे. तो पहिल्या पाळीला गेला की दुपारपर्यंत मी एकटी असते. मग मीच का छापू नये?

अधिकारी बाईंनी मला अठरा तारखेचा बुधवार दिला आहे. त्या चांगल्या आहेत पण त्यांच्याकडं रांग मोठी. ही वेळ गेली तर पुन्हा कधी मिळेल कुणास ठाऊक, आणि पुन्हा मी इतकी धीट असेन की नाही तेही.

कसं छापायचं ते एकेक करून लिहा. मला शाळेत असताना एमएससीआयटी झालंय, पण प्रिंटरला त्यानं कधी हात लावू दिला नाही.

तुमची,
प्रियदर्शिनी

---

पालघर,
७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

चि. सौ. प्रियदर्शिनीस, अनेक आशीर्वाद.

मिठाचं वाचलं. त्यानंतर मोदकाचं सारण चाखताना माझा हात थांबला.

तू स्वतः करू नयेस असंच मला वाटतं. पण तुझं ठरलं असेल तर नीट कर. तो गेल्यावर अर्धा तास थांब, काही विसरलं म्हणून परत येईल. ब्राउझर नेहमीसारखा उघडू नकोस, खाजगी खिडकी उघड, काळ्या रंगाची असते, तिच्यात तू काय पाहिलंस ते मागं राहत नाही. मेल उघडल्यावर सगळे फोटो पूर्ण दिसेपर्यंत थांब. घाई केली तर तेच कोरे चौकोन येतात. मग छपाईची खिडकी उघड. तिथं सगळ्यात वर छापायचं कुठं ते विचारतात, आणि बहुतेक वेळा तिथं “पीडीएफ म्हणून सेव्ह करा” असं आधीच निवडलेलं असतं. माझ्याकडं येणारी निम्मी माणसं तिथंच चुकतात, छापलं छापलं म्हणतात आणि कागद येत नाही, फाइल मात्र कॉम्प्युटरवर साठून राहते. तुझ्या बाबतीत ती फाइल राहिली तर काय होईल ते मी लिहीत नाही. तिथं प्रिंटरचं नाव निवड. खाली “अधिक सेटिंग्ज”मध्ये गेलीस की वरच्या-खालच्या ओळींची एक खूण असते, ती काढून टाक. नाहीतर प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात छापल्याची तारीख आणि वेळ येते आणि खाली मेलचा पत्ता. शेवटच्या पानावर साक्षीदारांच्या दोन ओळी आहेत, त्या खाली कापल्या जातील. आकार शंभरावरून ब्याण्णववर आण.

एवढं सांभाळलंस की झालं.

प्रियदर्शिनी, तू हे पुढं वाचू नयेस असं वाटलं तर वाचू नकोस. आण्णा आईला मारायचे तेव्हा मनीष माझ्याजवळ पलंगाखाली यायचा. सहा वर्षांचा होता. माझे दोन्ही कान त्याच्या हातांनी झाकायचा, स्वतःचे नाही. त्याला वाटायचं मला ऐकू येऊ नये. त्या पोराचे हात आणि तुझ्या फोटोतले हात मला एकत्र जोडताच येत नाहीत. मी त्याला एकदा समजावून सांगितलं तर? परवा फोन हातात घेतलासुद्धा. आईच्या वर्षश्राद्धाचं विचारलं आणि ठेवून दिला.

जपून राहा.

अर्चनाताई

---

बोईसर,
१३ सप्टेंबर

ती. ताईंस, सा. न.

हिराताई आज घाईत आहेत, म्हणून थोडक्यात.

सगळं तुम्ही लिहिलंत तसं केलं. खाजगी खिडकी, फोटो दिसेपर्यंत थांबले, पीडीएफ काढून प्रिंटरचं नाव, वरची ओळ बंद, ब्याण्णव. तरी कागद येईना. प्रिंटरचा हिरवा दिवा नुसता लुकलुकत होता. चार वेळा छापा म्हणाले. पाचव्यांदा धीर झाला नाही, पावणेबारा झाले होते. प्रिंटर बटण दाबून बंद केला, खिडकी बंद केली, लॅपटॉप होता तिथं तशाच कोनात ठेवला. काही छापलं गेलं नाही, तेव्हा काही मागं राहिलं नसेल ना?

सोमवारी पुन्हा करून बघते. दिवा लुकलुकला तर काय करायचं ते कळवा. बुधवारला पाच दिवस राहिले.

पलंगाखालचं वाचलं. माझ्या उन्नतीला पलंगाखाली जायलाही तो देत नाही. समोर बसवतो.

प्रियदर्शिनी

---

पालघर,
१४ सप्टेंबर, सकाळचे सव्वाअकरा

प्रियदर्शिनी,

हिराताई दुकानात उभ्या आहेत, त्यांना तसंच परत पाठवते आहे.

ताबडतोब हे कर. प्रिंटर बंद केला तरी दिलेलं काम जात नाही. ते रांगेत थांबून राहतं. त्यानं प्रिंटर “ऑफलाइन” करून ठेवला असणार, म्हणून दिवा लुकलुकत होता. त्यानं प्रिंटर पुन्हा चालू केला की चारही वेळचं एकदम बाहेर येईल. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये प्रिंटरच्या नावावर जा, रांग उघड, आत चार ओळी दिसतील, चारही रद्द कर. त्यानं लॅपटॉपला हात लावायच्या आत कर.

माझ्या दुकानात भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलंय, “कागद आला नाही तर पुन्हा पुन्हा छापा दाबू नये.” रोज वीस माणसांना हे तोंडानं सांगते. तुला लिहायचं राहिलं.

अर्चना

---

घिवली,
१७ सप्टेंबर

ताई,

अक्षर हिराताईंची सून पूर्वी, तिचं आहे. बोलते मी. माझा उजवा हात मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये आहे.

तुमचं शेवटचं पत्र मला शनिवारी संध्याकाळी इथं, घिवलीत, हिराताईंच्या ओट्यावर मिळालं. त्या पालघरहून आमच्या दारावरून फिरून आल्या तर मी त्यांच्या घरात. पिशवीतून पत्र काढलं. म्हणाल्या, “आता ह्या कागदाचा काय करू मी?”

काय झालं ते सांगते. पूर्वी, थांबू नकोस, लिही.

शनिवारी त्याला सुट्टी होती. मांडवात वाटायला आरतीचं पान छापायचं होतं. सकाळी नऊला अंघोळ करून, सोवळं नेसून लॅपटॉपपुढं बसला. मी नैवेद्याचा भात टाकत होते. प्रिंटरचा आवाज आला. मला वाटलं आरती. मग आवाज थांबेचना. सात पानं, पुन्हा सात, पुन्हा सात, पुन्हा सात. अठ्ठावीस पानं, आणि सगळ्यात शेवटी सुखकर्ता दुःखहर्ता.

त्यानं सगळं वाचलं, खुर्चीत बसून, पाय हलवत. मधेच एकदा म्हणाला, “इथं तारीख चुकलीय तुझी. ते आषाढात नव्हतं, ज्येष्ठात होतं.” मला वाटलं, बहुतेक सोडेल. इतका शांत होता.

मग हाक मारली. “प्रिया, इकडं ये. पुरावा कमी पडतोय तुझा. हाताचा नाहीये यात.” माझा उजवा हात धरला, प्रिंटरचं वरचं झाकण उघडलं, पंजा काचेवर ठेवायला लावला आणि कॉपीचं बटण दाबलं. काचेखालून उजेड गेला. कागद बाहेर आला. तो त्यानं माझ्या तोंडापुढं धरला. “बघ, छान आलाय. आता हा मारायच्या आधीचा. नंतरचा पण लागेल ना?” आणि झाकण धरून हातावर आपटलं. मी हात काढू नये म्हणून कोपर दुसऱ्या हातानं टेबलावर दाबलं होतं. काच तिसऱ्या फटक्याला फुटली. किती वेळा आपटलं ते मला माहीत नाही, उन्नती मोजत होती. ती म्हणते नऊ. तीन बोटं मोडली आहेत. काचेचे तुकडे दवाखान्यातल्या बाईंनी चिमट्यानं काढले.

भाताचा जळका वास आला तेव्हा तो थांबला. “नैवेद्य करपला,” म्हणाला आणि गॅस बंद करायला स्वयंपाकघरात गेला. तेवढ्यात मी उन्नतीला घेऊन निघाले. पायात चपला नव्हत्या. फोन तिथंच टाकला, म्हणून मी कुठं गेले ते त्याला दिसलं नाही. नाक्यावर रिक्षा मिळाली. घिवली एवढंच मला सांगता आलं.

निघताना तो कागद उचलला होता. कॉपीचा. का ते माहीत नाही. सोबत पाठवते आहे, बघून परत पाठवा. अंगठीच्या बोटाकडं बघा, तेव्हा ते सरळ होतं.

आता दुसरं. काल पूर्वीनं तिच्या फोनवर माझा मेल उघडून दिला आणि इथल्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं नेला. त्यानं पाच मिनिटांत सातही पानं काढून दिली. फोटो पहिल्या फटक्यात आले. एकही चौकोन कोरा नाही. त्याचं मशीन रंगीत नाही, त्यामुळं वळ नुसते डाग दिसतात, आणि खालच्या साक्षीदारांच्या ओळी कापल्या गेल्या. पण फोटो आले.

ताई, तुमच्याकडं का आले नाहीत?

उद्याची भेट गेली. हाताची शस्त्रक्रिया आहे. अधिकारी बाईंनी पंचवीस तारीख दिली आहे. त्यांनी रंगीत प्रत असेल तर बरं म्हटलं. तुम्हाला काढून द्या असं मी आता म्हणत नाही.

प्रियदर्शिनी

(ताई, मी पूर्वी. ह्या बाईंनी सांगितलं तेवढंच लिवलं. रात्री झोपेत हात झाकणातून काढल्यावानी करतात. आमी सगळे हाय इथं, काळजी करू नका.)

---

पालघर,
२१ सप्टेंबर

प्रियदर्शिनी,

कोरे चौकोन कधी आलेच नव्हते.

३ सप्टेंबरला हिराताईंनी चिठ्ठी दिली आणि त्याच दुपारी मी तुझी सात पानं छापली. रंगीत, दोन प्रती. पहिल्याच वेळी सगळं नीट आलं. ती पानं मी खाकी पाकिटात घालून गल्ल्याखालच्या खणात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तुला बसून ते पत्र लिहिलं. दोन-तीनदा करून पाहिलं, असंही लिहिलं. खोटं लिहिताना मी दुकानातली भाषा वापरली. गिऱ्हाइकाला “सर्व्हर डाउन आहे” म्हणतो तशी.

मला वाटलं, आठ-पंधरा दिवस मिळाले तर मी त्याच्याशी बोलेन. भाऊबीज होऊ दे, असंही वाटलं. मी वाट काढते आहे असं स्वतःला सांगत होते, आणि तुझी पानं खणात होती. रांगेचं लिहायचं मी विसरले, ते खरंच विसरले. पण ती पानं तुला दिली असती तर तुला त्या प्रिंटरला हात लावावाच लागला नसता. तेव्हा मी कशाला विसरणं म्हणू?

तुझ्या हाताचा कागद बघितला. दिवसभर गल्ल्यावर काचेखाली ठेवला होता, लोक दाखले घेऊन येत-जात होते.

गुरुवारी मी बोईसरला गेले. तू विचारलं नाहीस, पण तुला कळायला हवं. दार त्यानं उघडलं. “ताई, ये, चहा टाकतो.” घर झाडून-पुसून लख्ख. प्रिंटर टेबलावर तसाच, काचेच्या जागी पुठ्ठा लावून चिकटपट्टी. म्हणाला, “ती पडली गं. रागावून गेलीय. तूच समजाव.” मी तुझ्या हाताचा कागद पर्समधून काढला. त्यानं तो घ्यायला हात पुढं केला, मी दिला नाही. तेव्हा त्यानं माझे केस धरले आणि माझं डोकं भिंतीवर आपटलं. दोनदा. तोंडानं काही बोलला नाही. तू लिहिलंस ना, तो ओरडत नाही. मला ते तेव्हा समजलं. आण्णा ओरडायचे. आम्हाला वाटायचं, ओरडत नाही तो माणूस चांगला.

मग तो खाली बसला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागला. “ताई, मला वाचव.” माझ्या डाव्या कानातून रक्त येत होतं आणि मी त्याच्या केसांतून हात फिरवत होते. हेही लिहिते. तुला राग येईल, यावा. माझा हात फिरत होता आणि थांबत नव्हता, आणि मला कळत होतं की हाच हात तुझी पानं खणात ठेवून आला आहे.

त्या कानात अजून नुसता घोंगावा आहे. डॉक्टर म्हणतात पडद्याला चीर आहे. दाखला घेतला आहे, तारखेसकट.

सोबत खाकी पाकीट आहे, दोन्ही प्रती आणि तुझ्या हाताचा कागदही. फोटोतले रंग जसेच्या तसे आहेत, शेवटच्या ओळी पूर्ण आहेत. पण वर बघ. मी त्या दिवशी वरच्या-खालच्या ओळींची खूण काढायला विसरले होते, म्हणून प्रत्येक पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात छापलंय: ३/९/२०२४, ४:१२. तुला मीच ती ओळ बंद करायला सांगितली होती. काल मी कात्री घेतली होती. अर्धा इंच पट्टी कापली असती तर पानं आजच छापली असं म्हणता आलं असतं. नव्यानंही छापता आली असती, स्वच्छ, बिनतारखेची. मग वाटलं, त्यानं हे सगळं तू हात मोडल्यावर रचलंस म्हटलं, आणि तो तसंच म्हणेल, तर ही तारीख तुझ्या बाजूनं उभी राहील. अकरा दिवस आधीची आहे. माझ्याविरुद्धही ती तितकीच उभी राहील. राहू दे.

हिराताई बाहेर थांबल्या आहेत. त्यांना मी सगळं सांगितलं. म्हणाल्या, “तुमी शिकलेल्या बाया. आमी बोंबलाच्या खाली चिठी लपवली, तुमी तर आख्खी बाय लपवलीत.” पाकीट घेतलं, चहा घेतला नाही.

शेवटच्या पानावर साक्षीदारांच्या दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीवर हिराताई सही करतील, त्यांनी तुझा हात त्या दिवशी पाहिला आहे. दुसरी ओळ रिकामी आहे. तुला पूर्वी आहे, दवाखान्यातल्या बाई आहेत, माझी गरज नाही. आणि ज्या बाईनं तुझा कागद लपवला तिचं नाव त्याच कागदावर तू का लावून घेशील? मी तुझ्या जागी असते तर घेतलं नसतं. तू नको म्हणशील हे मला माहीत आहे. तरी पंचवीस तारखेला सकाळी दहाला मी त्या कार्यालयाच्या पायरीवर पेन घेऊन उभी राहीन.

ती दुसरी ओळ माझ्यासाठी ठेव.

अर्चना